पिवळा दिवा आणि ५२ वजा २७



गाडी चालवत असाल तर डॅशबोर्डवरचा तो पिवळा, इंजिनच्या चित्राचा दिवा तुम्हाला माहीत असेल. किल्ली फिरवली की तो लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो. विझला नाही तर पोटात गोळा येतो. हा दिवा मुख्यतः धुरासाठी असतो. गाडीतून बाहेर पडणारा वायू प्रमाणाबाहेर खराब होईल असा बिघाड दिसला की गाडीतला छोटा संगणक, म्हणजे ईसीयू, तो लावतो. पीयूसीचं प्रमाणपत्र जवळ असलं तरी दिवा खोटा ठरत नाही.

आमची तीन सिलिंडरची जुनी पेट्रोल गाडी उभी असताना थरथरायला लागली आणि दिवा लागला. शाळा लांब, एसटी दिवसातून दोनदा, त्यामुळे गाडी अडून चालणार नव्हतं. एका गॅरेजमध्ये न उघडताच सांगितलं, "कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेलाय, बदलावा लागेल." आकडा ऐकून महिन्याचं घरखर्चाचं गणितच कोलमडलं. म्हटलं, आधी गाडी स्वतः काय म्हणते ते तरी बघू.

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ सोळा पिनांचा एक सॉकेट असतो. त्यात ब्लूटूथचा छोटा स्कॅनर बसतो. हजार रुपयांच्या आत मिळतो, मोबाइलवर ॲप घ्यायचं, झालं. कोड आला पी०३०२. हा कोड फोडून बघा, मुलांना स्थानिक किंमत शिकवतो तसा. पी म्हणजे इंजिन-गिअरचा विभाग, ० म्हणजे सगळ्या कंपन्यांना सामाईक कोड, ३ म्हणजे ठिणगी आणि ज्वलनाचा गट, ०२ म्हणजे दुसरा सिलिंडर. थोडक्यात, दुसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. याला मिसफायर म्हणतात.

गंमत म्हणजे ईसीयूला ठिणगी दिसत नाही. तो फक्त क्रँकशाफ्टचा वेग मोजतो. एका सिलिंडरने आपल्या पाळीला ढकललं नाही की वेग किंचित पडतो, त्यावरून तो अंदाज बांधतो. म्हणून कोड 'कुठे' ते सांगतो, 'का' ते सांगत नाही. कॉइल, प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, यातलं काहीही असू शकतं.

इथे मला आमच्या तिसरीच्या वह्या आठवल्या. ५२ वजा २७ बरोबर ३५, हे चुकीचं उत्तर तुम्हीही शंभरदा पाहिलं असेल. पण ३५ दोन वाटांनी येतं. एक मूल मोठ्या अंकातून लहान अंक काढतं, सातातून दोन. दुसरं मूल दशक नीट सुटा करतं, बारातून सात काढतं, पण दशकाच्या घरातला एक कमी करायचा राहतो. वहीत दोघांचं उत्तर सारखंच! मग एकच अंक बदलून द्या, ५३ वजा २७. पहिलं मूल ३४ लिहील, दुसरं ३६. आता कुणाला काय शिकवायचं ते कळतं. दोघांनाही 'आणखी वीस वजाबाक्या करा' सांगणं म्हणजे न बघता कन्व्हर्टर बदलण्यासारखंच.

शेजारी डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक काका राहतात. त्यांना उभं केलं. ते म्हणाले, "ताई, एका वेळी एकच वस्तू हलवायची. दोन हलवल्या तर काहीच कळणार नाही." आमच्या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे. गाडी बंद, इंजिन पूर्ण थंड. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल केली. प्लगला हात लावला नाही. त्याआधी कोड आणि त्या वेळचे आकडे, म्हणजे इंजिनचे फेरे, तापमान, वगैरे लेकीने वहीत उतरवून घेतले, कारण कोड पुसला की तेही पुसले जातात. मग कोड पुसला आणि गावातल्या गावात हळू चक्कर मारली. दिवा लगेच लागला नाही, पण ॲपमध्ये 'पेंडिंग' यादीत कोड आला, पी०३०३. बिघाड कॉइलबरोबर तिसऱ्या घरात गेला होता! लेक ओरडलीच, "आई, चोर सापडला!" पी०३०२ तसाच राहिला असता तर पुढची पाळी प्लगची होती.

एक कॉइल बदलली, थरथर गेली. कोड पुन्हा आलेला नाही.

कन्व्हर्टरचा धोका मात्र खराच होता, फक्त कारण म्हणून नव्हे. न पेटलेलं पेट्रोल त्याच्यात जाऊन जळतं आणि आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी अति तापून वितळू शकते. म्हणून पिवळा दिवा लुकलुकत असेल तर वेग कमी करा, सुरक्षित जागी थांबा. तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर तिथेच इंजिन बंद करा, तिथे घरगुती प्रयोग नको.

आणि गॅरेजला जायचंच असेल तर खुशाल जा. फक्त कुणी कोड पुसण्याआधी त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि विचारा, "हे कशावरून ठरवलंत?"