विसार देण्याआधी

मुलांच्या शाळेपायी तालुक्याच्या गावी घर घ्यायचे ठरले. आमच्या घराण्यातली ही पहिलीच घरखरेदी. वाडवडिलांनी घरे बांधली, विकत कुणी घेतले नव्हते. दोन वर्षांच्या कापसाचे पैसे आणि सौ.च्या पाटल्या, एवढेच भांडवल. चुकलो असतो तर पुन्हा जमवणे नव्हते.

वाचकहो, आमचा मुलूख परभणीकडचा, काळ्या मातीचा. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतात हे आपल्याला ठाऊक असते. घर पाहताना मात्र आपण रंग पाहतो. मीही तेच केले.

पहिले घर नव्या रंगाने चकचकीत. मी विसाराचे बोलणार, इतक्यात सौ.ने आतल्या खोलीचे दार लावून पाहिले. ते चौकटीत बसेना. खालच्या कडेला नुकताच रंधा मारलेला. मागच्या भिंतीवर खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपा वर गेलेला नव्या गिलाव्याचा पट्टा. मोरीचे पाणी थेट पायाशी मुरत होते. मालक म्हणाले, "दमट हवेनं दार फुगलंय." वैशाखात कसली दमट हवा!

दुसरे घर दिसायला गरीब. भिंतीला दोन तडे, उघडेच. म्हातारे मालक म्हणाले, "झाकून काय करू? बघा, मग बोला." ओळखीच्या मिस्त्रींना नेले. मालकांना विचारून त्यांनी भिंतीलगत दोन खड्डे घेतले. चार फुटांवर मुरूम लागला आणि पाया त्यात टेकलेला निघाला. तो काळ्या मातीतच असता तर मी तिथूनच परतलो असतो. नवे बांधणाऱ्यांसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने खाली फुगीर असलेले खांब काढले आहेत, पण उभ्या घराखाली पाया खोल नेणे आपल्या खिशाचे काम नव्हे.

मग मिस्त्रींनी तड्यावर काचेची पट्टी आडवी धरून तिची दोन्ही टोके सिमेंटने बसवली. "भिंत हलली तर काच तडकेल. पण पावसाळाभर थांबा. काळी माती आठ दिवसांत बोलत नाही."

थांबणे जड गेले. पोरे मामाकडे राहून शाळेत जात होती आणि धाकटा भाऊ रोज म्हणे, "दादा, घर हातचं जाईल." दिवाळीला काच शाबूत होती. खरे तर पुढचा उन्हाळाही पाहायला हवा होता, तेवढा धीर राहिला नाही. दुरुस्तीचा खर्च मिस्त्रींकडून लिहून घेतला आणि किमतीतून वजा मागितला. मालकांनी निम्मा कबूल केला.

आता सौ.ना दारात कडुलिंब हवा होता. मोठ्या झाडाची मुळे पायाखालची ओल ओढतात, म्हणून मी कुंपणाशी खड्डा घेऊन दिला. त्यावरून आठ दिवस अबोला होता.