एका वेळी एक ओळ

"स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, पण प्रवासवर्णन नको, ती पाच आली आहेत," असा संपादकांचा फोन आला. "मला डेटाबेसशिवाय दुसरं काही येत नाही हो," मी म्हणालो. "मग तेच लिही, पण आमच्यासारख्यांना कळेल असं." सौ. शेजारीच बसली होती. "नाहीतरी घरात कुणी ऐकत नाही, लिहून तरी टाक," ती म्हणाली. तेव्हा वाचकहो, पुढच्या मजकुराची जबाबदारी त्या दोघांची!

मी २००३ साली मास्टर्स करायला अमेरिकेत आलो. डेटाबेसच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात एडगर कॉड हे नाव कानावर पडलं. मूळचे इंग्लंडचे हे गृहस्थ आयबीएममध्ये संशोधक होते. १९७० साली त्यांनी एक निबंध लिहून मांडलं, की माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि मागताना ती कुठून, कशी काढायची हे न सांगता फक्त काय हवं ते सांगावं. उत्तरही तक्त्याच्याच रूपात येतं. त्यात एक ओळ असो की दहा लाख, सगळा संच एकदम. आज तुम्ही बँकेतली शिल्लक बघता किंवा मुंबईचं तिकीट काढता, त्यामागे बहुतेक वेळा हीच कल्पना असते.

अडचण एकच होती. कोबोलसारख्या जुन्या भाषांना अख्खा संच एकदम हातात घेता येत नाही. त्यांना एका वेळी एकच नोंद लागते. या दोघांची गाठ घालून देणारा मध्यस्थ म्हणजे कर्सर. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'धावणारा'. आधी प्रश्न जाहीर करायचा, मग कर्सर उघडायचा आणि 'फेच' म्हणत एकेक ओळ मागत राहायचं. ओळी संपल्या की डीबी-टू हा डेटाबेस १०० हा आकडा हातावर ठेवतो. म्हणजे 'आता काही उरलं नाही, दुकान बंद करा.'

हे शिकताना मला आमच्या अण्णांची पट्टी आठवली. अण्णा कराडला एका सहकारी बँकेत कारकून होते. खतावणी तपासताना ते एक लाकडी पट्टी ओळीखाली धरत आणि एकेक ओळ खाली सरकवत. मी शाळा सुटल्यावर बँकेत जाऊन बसायचो, तेव्हा त्यांचं बोलणं कानावर पडायचं. "या म्हाताऱ्या आजींनी दोन महिने पेन्शनचे पैसे काढले नाहीत. बऱ्या आहेत ना, बघून ये रे," असं ते शिपायाला सांगत. ताळा तर जमलेला असायचा. मग हा उद्योग कशाला, असं मला वाटायचं.

वर्गात आमच्या प्रोफेसरांनी मात्र बजावलं होतं, की शक्यतो कर्सर वापरू नका. कारण सोपं आहे. इंडियन ग्रोसरीच्या दुकानात जाऊन मीठ आणायचं, घरी ठेवायचं, मग मोहरीसाठी पुन्हा गाडी काढायची, मग हळदीसाठी पुन्हा! प्रत्येक ओळीसाठी प्रोग्रॅमची आणि डेटाबेसची अशी एक फेरी होते. त्यापेक्षा एकदाच यादी दिली की सगळं सामान एकदम मिळतं. हे मला फार पटलं होतं.

२००९ साली मी न्यू जर्सीत एका विमा कंपनीत कन्सल्टंट होतो. तिथे रोज रात्री एक जुना कोबोल प्रोग्रॅम चालायचा. हप्ते थकलेल्या पॉलिसी शोधून त्यांवर 'रद्द' अशी खूण करायची, हे त्याचं काम. त्यासाठी तो कर्सरने चार लाख ओळी एकेक करून बघायचा. वेळ लागायचा पाच तास. मी तो लूप काढून त्या जागी एकच अपडेट वाक्य लिहिलं. काम सात मिनिटांत! लूपमध्ये प्रत्येक रद्द ओळीमागे एका लहानशा प्रोग्रॅमला हाक मारलेली होती. नुसता छापील अहवाल दिसतोय, आता प्रिंटआउट कोण वाचतं, असं म्हणून मी तोही काढला. चाचणीत जुन्या-नव्याचा ताळा तंतोतंत जमला. मॅनेजरने सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

चौथ्या दिवशी सकाळी साठीच्या एक बाई माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, "माझी यादी तीन दिवस आली नाही." कसली यादी, मला कळेना. पासष्टीच्या पुढची आणि दहा वर्षांहून अधिक काळ नियमित हप्ते भरलेली जी माणसं रद्द होत, त्यांची नावं त्या कागदावर छापून येत. बाई रोज सकाळी एकेकाला फोन करत. बहुतेक जण चेक पाठवायचं विसरलेले असत. पत्रं निघायच्या आत बाई ती खूण काढून घेत. नियमांच्या कुठल्याच कागदावर हे लिहिलेलं नव्हतं. फक्त त्या लूपमध्ये लिहिलेलं होतं.

तीन दिवसांत अशी ४१ माणसं निघाली. काहींची पत्रं रवानाही झाली होती. मी खुर्ची ओढून बाईंशेजारी बसलो. मी नाव वाचायचो, त्या फोन लावायच्या. एका आजींचे सगळे चेक आजवर त्यांचे यजमान लिहीत आले होते. ते थंडीत गेले. तेव्हापासून आजींनी टपाल उघडलंच नव्हतं. बाई त्यांच्याशी वीस मिनिटं बोलत होत्या, त्यातली दोन पॉलिसीबद्दल. दोन दिवसांत ३९ पॉलिसी परत सुरू झाल्या. दोघांचे फोन शेवटपर्यंत लागले नाहीत.

मग मी प्रोग्रॅम दुरुस्त केला. चार लाखांचं काम त्या एका वाक्यालाच ठेवलं, ते चूक नव्हतंच. पण रोजच्या त्या दहा-पंधरा ओळींसाठी एक छोटा कर्सर परत उघडला. आमची आई तांदूळ आधी चाळायची आणि मग ताटात घेऊन निवडायची. दाण्याएवढा खडा चाळणीतून सुटतो, तो बोटांनीच वेचावा लागतो. चाळलं म्हणून निवडायचं राहू द्यायचं नाही, एवढी साधी गोष्ट मला मास्टर्स करूनही सुचली नव्हती.

त्या रविवारी अण्णांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांना कर्सर कळला नसेल, पण यादी बरोबर कळली. म्हणाले, "म्हणजे पट्टी फेकून दिली होतीस म्हण की. आता परत ठेवलीस ना?" ठेवली, म्हटलं. मग त्यांनी त्या टपाल न उघडणाऱ्या आजींची चौकशी केली. पुढचे दोन-तीन रविवार करत होते.

२०१७ साली अण्णा गेले. त्यांची पट्टी मी येताना बॅगेत घालून आणली. ती माझ्या टेबलावर असते.

दर दिवाळीला मी मंडळाच्या दोनशे कुटुंबांना एकाच ईमेलने शुभेच्छा पाठवतो. सात मिनिटंही लागत नाहीत. पण त्यानंतर यादी समोर घेऊन बसतो. या वर्षी ज्यांच्या घरी कुणी गेलं, ज्यांची मुलं लांब गेली, जे बरेच दिवस कार्यक्रमांना दिसले नाहीत, अशी दहा-बारा नावं निघतात. त्यांना मी फोन करतो, एका वेळी एक.