दात लागतात की नाही

मांजरीचे दात तिच्या पिलाला लागत नाहीत, अशी आपल्याकडे म्हण आहे. आईने लेकराला रागे भरलं, एखादी चापट दिली, तरी त्यात वाईट हेतू नसतो, असं सांगायचं असलं की ती वापरतात. लहानपणापासून ती इतक्यांदा कानावर पडली आहे, पण तिच्यात एक मांजर आहे, एक पिल्लू आहे आणि खरेखुरे सुळे आहेत, हे कधी डोळ्यांसमोर आलंच नव्हतं. आता आलं आहे, आणि जात नाही.

आमच्या मांजरीला, चिंगीला, टॉवेलात गुंडाळून मी मांडीत धरलं होतं आणि जबड्याच्या कडेने सिरिंज आत सारत होते. ती मान फिरवत होती. आई शेजारी बसून तिची हनुवटी पुसत होती. पुसता पुसताच ती हे वाक्य म्हणाली. माझी समजूत काढायला म्हणाली असणार. पण समजूत पटायच्या ऐवजी ते वाक्य मनात रुतून बसलं.

चिंगीच्या पोटातून मोगऱ्याच्या गजऱ्याचा दोरा काढला होता. डॉक्टरांनी तिच्या जबड्याखाली अंगठा दाबून जीभ वर उचलली, तेव्हा जिभेच्या मुळाशी त्या दोऱ्याचा वेढा दिसला. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात. अंग चाटायला ते उपयोगी, पण दोरा एकदा त्यांच्यावर बसला की थुंकून टाकता येत नाही, गिळतच जावा लागतो. एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात उतरतं. आतडं आपलं काम थांबवत नाही, दोरा पुढे ढकलायला बघतं. आणि परकराची नाडी ओढल्यावर नेफा चुणीचुणीने गोळा व्हावा तसं स्वतःच त्या दोऱ्यावर गोळा होत जातं. मग ताणलेला दोरा आतूनच आतडं कापू लागतो. मांजराच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर तो कधीही ओढू नये, तडक डॉक्टर गाठावा, हे त्याचसाठी. चिंगीचं पोट उघडून, आतड्याला एकाहून जास्त ठिकाणी छेद देऊन तो दोरा तुकड्यातुकड्याने काढावा लागला.

शस्त्रक्रिया झाली की सुटलो, असं नसतं. आतड्याचे टाके गळायची भीती तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत सगळ्यात जास्त असते. त्याहून मला नवीन होतं ते उपासाचं. माणूस चार दिवस लंघन करून उठतो. मांजराला ते झेपत नाही. काही दिवस पोटात अन्न गेलं नाही की अंगातली चरबी यकृताकडे धाव घेते, आणि मांजराच्या यकृताला ती पेलत नाही. ते चरबीने भरून निकामी व्हायला लागतं. म्हणून भरवायचं. ती नको म्हणाली तरी भरवायचं.

बिनसुईची सिरिंज, त्यात कोमट केलेलं पातळ अन्न. सुळ्याच्या मागे जी मोकळी फट असते तिथून टोक आत घालायचं, थेंब थेंब सोडायचं, ती गिळेपर्यंत थांबायचं. ती गिळत नसे. तोंडात धरून ठेवत असे आणि मग सगळं हनुवटीवरून गळ्यातल्या प्लॅस्टिकच्या कॉलरवर. त्या कॉलरची कड चिकट झालेली, पोटावरचे केस भादरलेले, खालची कातडी गुलाबी आणि तिच्यावर टाक्यांची काळी रांग. पुढच्या पायावर सलाईनसाठी काढलेला केसांचा पट्टा. माझ्याकडे बघताना तिचे कान आडवे होत. ही मांजर एरवी माझ्या वहीवर येऊन झोपते.

तेव्हा, दात. मांजरी पिलाला उचलते ती मानेमागच्या कातडीच्या घडीत धरून. पिल्लू लगेच सैल पडतं, पाय पोटाशी घेतं, शेपूट आत वळवतं, ओरडायचं थांबतं. २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी उंदराची पिल्लं आणि माणसाची तान्ही बाळं, दोघांचा अभ्यास केला, तेव्हा आईने उचलून चालायला लागल्यावर दोघंही शांत होतात आणि हृदयाचे ठोकेही संथ होतात असं दिसलं. म्हणजे म्हणीला आधार आहे. पिल्लू नुसतं सोसत नाही, त्याच्या शरीरातच काहीतरी निवतं.

पण हे पिलाचं झालं. वाढलेल्या मांजरालाही मानेला धरलं की ते स्तब्ध होतं, आणि जनावरांच्या दवाखान्यांत वर्षानुवर्षं हीच पद्धत होती. आता मांजरांच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटना तिला विरोध करतात. २०२२ मध्ये त्यांनी मांजर हाताळण्याविषयी सूचना काढल्या, त्यांत मानेला धरू नका असं स्पष्ट आहे. कारण मोठ्या मांजराची ती स्तब्धता निवांतपणाची असेलच असं नाही, ती भीतीने गोठल्याचीही असू शकते. आमचे डॉक्टर टॉवेल वापरतात, मान धरत नाहीत. इंजेक्शनची सुई मात्र मानेमागच्या त्याच सैल कातडीत जाते, जिथे कधीकाळी तिच्या आईचे दात असायचे. हे लक्षात आल्यापासून इंजेक्शनच्या वेळी मी त्या जागेकडेच बघत राहते.

ही म्हण नेहमी मांजरीच्या बाजूने बोलली जाते. आई म्हणते, मास्तर म्हणतात, सासू म्हणते. पिलाने म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

मांजर आणि तिचं पिल्लू यांच्यावरून दक्षिणेत केवढा मोठा वाद झाला, ते फार पूर्वी वाचलं होतं. या काळात पुन्हा काढून बसले. रामानुजांच्या श्रीवैष्णव परंपरेत दोन शाखा झाल्या. कांचीपुरमकडची वडगलै आणि श्रीरंगमकडची तेंगलै. देव भक्ताला तारतो, त्यात भक्ताचा वाटा किती, हा प्रश्न. वेदान्त देशिकांना मानणाऱ्या वडगलैंचा दाखला माकडाचा: माकडीण झेप घेते, पण पोटाला घट्ट धरून राहायचं काम पिलाचं. पिळ्ळै लोकाचार्यांना मानणाऱ्या तेंगलैंचा दाखला मांजराचा: पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. मर्कटकिशोरन्याय आणि मार्जारकिशोरन्याय. ही मंडळी तेरा-चौदाव्या शतकातली, पण कपाळावरची गंधाची खूण आजही वेगळी आहे.

पूर्वी वाचताना मला मांजराची बाजू आवडली होती. आपण सैल पडायचं, नेणारा नेईल. आता वाचताना दोन्ही दाखल्यांत एकच गोष्ट खटकते. माकडाचं पिल्लू धरून ठेवतं, मांजराचं पिल्लू सोपवून देतं, पण दोघांनाही नेणारी आपली आई आहे हे ठाऊक आहे. मान फिरवणारं, पंजे मारणारं, नको नको म्हणणारं पिल्लू दोन्हीकडे नाही. धडपडणाऱ्या पिलाचा न्याय माझ्या वाचनात कुठे आला नाही. चिंगी माझ्या हातात होती ती ना माकडासारखी ना मांजराच्या पिलासारखी. तिला तारणं आणि तिला धरणं या दोन गोष्टी तिच्या लेखी एकच होत्या की वेगळ्या, मला सांगता येत नाही.

आपल्या संतांनी तिसरा दाखला दिला आहे, कासवीचा. कासवी पिलांना दूध पाजत नाही, चोचीने भरवत नाही. दूरवरून नुसत्या नजरेने पोसते, अशी समजूत. हात नाही, दात नाही, फक्त दृष्टी. भरवून थकल्यावर मी दिवाणाला टेकून चिंगीकडे बघत बसे, तेव्हा हे किती हवंसं वाटायचं. बघण्याने तिचं पोट भरलं असतं तर.

कासवी तसं करत नाही, हे आपल्याला आता माहीत आहे. मंडणगड तालुक्यात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूवर येते, मागच्या पायांनी खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वर वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात तेव्हा ती तिथे नसते. नजर ठेवतात ती माणसं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन तिथे अंडी राखायला सुरुवात केली. घरटं शोधायचं, अंडी उचलून कुंपणाच्या आत तसाच खड्डा करून त्यात ठेवायची, कोल्ह्याकुत्र्यांपासून आणि माणसांपासून जपायची. पिल्लं बाहेर आली की त्यांना पाण्यात नेऊन टाकत नाहीत. पाण्याच्या अलीकडे वाळूवर सोडतात आणि बाजूला उभे राहतात. पिल्लं आपली आपण समुद्रापर्यंत जातात. मध्ये एखादं उलटं पडतं, बघणाऱ्यांचा जीव वरखाली होतो. तरी शक्यतो हात लावायचा नाही.

किती धरायचं आणि कुठे सोडायचं, हे त्या लोकांना कळलेलं आहे. मला कळलं आहे असं वाटत नाही. सिरिंजने बळेच भरवलं की कधीकधी मांजराच्या मनात त्या अन्नाचीच शिसारी बसते आणि बरं झाल्यावरही ते खात नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून आता पुष्कळदा मानेतून अन्ननलिकेत नळी घालतात, तोंडाला हातच लावायला नको. पण नळी घालायची तर पुन्हा भूल, पुन्हा छेद. जीव वाचवायला करतो तेच पुढे खाण्याच्या आड येऊ शकतं. दात लागतात, असं वैद्यकच म्हणतंय की काय, असं वाटून गेलं.

तिला दुखतंय का, हे ओळखायला डॉक्टरांनी एक मोजमाप दाखवलं. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी ते २०१९ मध्ये प्रसिद्ध केलं. मांजराच्या चेहऱ्यावर पाच गोष्टी बघायच्या: कानांची ठेवण, डोळे किती मिटलेत, नाकातोंडाभोवतीचा ताण, मिशा, आणि डोकं खांद्यांच्या वर आहे की खाली. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. दहापैकी चार किंवा जास्त झाले तर वेदनाशामकाचा विचार करायचा. (तेही डॉक्टरांनी दिलेलंच. आपल्या घरातली पॅरासिटामॉल मांजराला विषासारखी आहे.) हे गुण लांबून, तिला हात न लावता द्यायचे असतात. मी दाराशी उभी राहून बघे, तेव्हा तीन. सिरिंज घेऊन जवळ गेले की कान आडवे, डोळे बारीक, डोकं खाली. ते वाढलेले गुण टाक्यांचे नव्हते, माझे होते.

आणि गुरगुरायची मात्र ती तेव्हाही. मांजर सुखात असलं की गुरगुरतं हे खरं, पण दुखत असताना, मरणाच्या दारातही गुरगुरतं. २०२३ मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांना आढळलं की मांजराच्या स्वरतंतूंत अशी गादी असते की मेंदूकडून वारंवार हुकूम न येताही तो आवाज निघू शकतो. म्हणजे माझ्या मांडीत ती गुरगुरली, याचा पुरावा म्हणून काही उपयोग नाही.

आईच्या त्या वाक्याकडे पुन्हा यावंच लागतं. आजीच्या शेवटच्या आजारपणात आई तिला चमच्याने पेज भरवायची. आजी दात घट्ट मिटून घ्यायची. आई एका हाताने तिचे गाल दाबायची आणि म्हणायची, "खा की गं आई, दोनच चमचे." पुढे नाकातून नळी घातली, आणि आजी ती उपसून काढायची म्हणून तिचा हात पट्टीने पलंगाच्या दांडीला बांधला होता. पट्टी सैल होती, खाली कापूस घातला होता, आई दर थोड्या वेळाने मनगट बघायची. आजी बोलायची थांबली होती. तिचे डोळे आईच्या मागे मागे फिरायचे. त्यात माया होती की तक्रार, हे आम्ही कुणी ठरवू शकलो नाही, आणि त्याविषयी घरात कधी बोलणंही झालं नाही.

मग आई त्या दिवशी ते वाक्य म्हणाली ते कुणाला? मला, चिंगीला, की स्वतःला? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने टॉवेल बदलायला घेतला असता, ती तशीच आहे.

चिंगी आता खाते. उकडलेल्या मांदेलीच्या वासाने एका सकाळी ती स्वतः उठून ताटलीपाशी आली. टाके निघाले, पोटावर मखमली केस उगवताहेत. सिरिंज ज्या खणात असायची तो उघडल्याचा आवाज झाला की ती दिवाणाखाली जाते. रात्री माझ्या पायाशी येऊन झोपते. दोन्ही गोष्टी ती रोज करते. मी त्यातली एक धरून दुसरी सोडून देऊ शकले असते तर म्हण खरी की खोटी हे कळलं असतं. आजी बरी झाली असती तर तिला विचारता आलं असतं. मांजरीला पिलाबद्दल काय वाटतं हे सांगणारी माणसं पुष्कळ आहेत.

म्हणून हे वाचणाऱ्यांत कुणी असं असेल, ज्याला आजारपणात त्याच्या माणसांनी धरून, हात दाबून, नको म्हणत असताना भरवलं, आणि जो त्यातून उठला, त्याने कृपा करून सांगावं. तेव्हा काय वाटत होतं, आणि आता काय वाटतं. भरवणाऱ्याला बरं वाटावं म्हणून सांगू नका. जसं होतं तसं सांगा.