हँडब्रेक, गिअर, दगड
उंब्रजला हायवे सोडला की मल्हारपेठ, पाटण आणि मग थेट कोयनानगर. धरण, नेहरू उद्यान, नवजाचा ओझर्डे धबधबा, सगळं झक्कास. पण मी रमलो ते सकाळी शाळा भरताना, रस्त्यावर!

आपल्या शाळांबाहेरचा सीन माहितीये ना? चारही इंडिकेटर चालू, डबल पार्किंग आणि 'दोनच मिनिटं हां'. बंपर फाटकाला जितका जवळ, तितका म्हणे ड्रायव्हर कॉन्फिडंट. पोरं मात्र दोन गाड्यांच्या फटीतून, कुणालाच न दिसता रस्त्यात येतात.

इथे एक जीपवाले काका फाटकाच्या चांगली पन्नास पावलं अलीकडे, चढावर थांबले. हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकाला दगड. मगच दार उघडलं, तेही कडेच्या बाजूचं.

"काका, फाटकापर्यंत का नाही नेली?"

"फुडं वळण हाय. वरनं येणाऱ्याला पोरगं दिसाय नको व्हय?"

रोज कुंभार्ली घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्यांचं गाव हे. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर गाडी लावायची नाही. हे सगळं २०१७ च्या ड्रायव्हिंग नियमावलीतही आहे बरं का. आपण लायसन्स हातात पडलं की विसरतो. आणि हो, गाडीचं तोंड उताराकडे असेल तर बंद करताना रिव्हर्स गिअर टाकायचा.

पोरगं फाटकात शिरेपर्यंत काका तिथंच. मग दगड उचलून त्यांनी सीटखाली ठेवला. रस्त्यात राहिला तर मागून येणारा बाइकवाला आपटतो, म्हणाले.