पहिला नंबर नक्की कुणाचा? आमच्या डोंगरातल्या रेडिओबद्दल थोडं

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आमच्या भागातल्या कंट्री म्युझिक स्टेशनवरचा सकाळचा कार्यक्रम या महिनाअखेर बंद होतोय. गेली चौदा वर्षं कामावर जाताना मी तो ऐकतेय. आम्ही टेनेसीच्या पूर्व टोकाला राहतो, डोंगर ओलांडला की नॉर्थ कॅरोलायना. हॉस्पिटलच्या लॅबपर्यंत चाळीस मिनिटांचा घाटरस्ता आणि निम्म्या वाटेत फोनला रेंज नाही. त्यामुळे गाडीत एफएमच. कार्यक्रम करणारा माणूस साठीतला, इथल्याच खोऱ्यात वाढलेला. स्टेशन दोनेक वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीने घेतलं. आता सकाळची वेळ नॅशव्हिलहून येणाऱ्या, अनेक राज्यांत एकाच वेळी वाजणाऱ्या कार्यक्रमाला दिली आहे.

"मग काय झालं? गाणी तीच वाजणार ना?" असं आमच्या ग्रुपवर एकाने विचारलं. त्याचं उत्तर दोन ओळींत देता येईना, म्हणून ही पोस्ट.

या कार्यक्रमात आठवड्यातून एकदा, सव्वासातच्या सुमाराला, चार्टची बातमी असते. कुठलं गाणं वर गेलं, कुठलं घसरलं. माझ्या पिढीच्या लोकांना हे सांगायला नको. बुधवारी रात्री आठ वाजता बिनाका गीतमालेसाठी रेडिओभोवती बसलेली घरं आपण पाहिली आहेत. कुठलं गाणं कितव्या पायदानवर यावरून आमच्याकडे भांडणं व्हायची. तेव्हाही वडिलांचा प्रश्न एकच असायचा, की हे ठरवतं कोण?

इथे तर एक नाही, दोन याद्या आहेत, आणि खरी गंमत तिथेच आहे. बिलबोर्ड मासिकाने या प्रकारच्या गाण्यांची पहिली यादी १९४४ साली काढली, ज्यूकबॉक्सवर काय वाजतं त्यावरून. पुढे ती मुख्यतः रेडिओवर अवलंबून राहिली. ऑक्टोबर २०१२ मध्ये मात्र मासिकाने नियम बदलला. मुख्य यादी, म्हणजे हॉट कंट्री साँग्ज, आता विक्री, इंटरनेटवरचं ऐकणं आणि सगळ्या प्रकारच्या रेडिओवरचं वाजणं अशी मिळून तयार होते. आणि फक्त कंट्री स्टेशनांवर काय वाजतं त्याची वेगळी यादी झाली, कंट्री एअरप्ले. म्हणजे एक यादी लोक काय ऐकतात याची आणि दुसरी लोकांना काय ऐकवलं जातं याची. आमचा माणूस दोन्ही वाचून दाखवायचा आणि दोघांत फार तफावत असली की नुसता खाकरायचा. ऐकणाऱ्याला काय ते कळायचं.

एअरप्लेची यादी कशी हलते ते मला त्याच्यामुळेच समजलं. गाणं "लागतं" वगैरे काही नसतं. प्रत्येक कंपनीची माणसं आठवडाभर स्टेशनांना फोन करत असतात, आमचं गाणं घ्या, रात्री अकराला वाजवताय ते दुपारी चारला वाजवा. नवा गायक असेल तर त्याला महिनोन् महिने गावोगावच्या स्टेशनांवर पाठवतात. तो गिटार घेऊन येतो, कॉन्फरन्स रूममध्ये चार कर्मचाऱ्यांसमोर गातो, हात मिळवतो, पुढच्या गावाला जातो. ट्रॅव्हिस डेनिंग नावाच्या गायकाचं एक गाणं २०२० मध्ये पहिल्या नंबरावर पोहोचलं, त्याला ६५ आठवडे लागले होते! सव्वा वर्ष एकच गाणं पायऱ्या चढत होतं. आणि वर पोहोचल्यावर कंपनीचा जोर पुढच्या गाण्याकडे वळतो, की मागचं दोन आठवड्यांत दिसेनासं होतं.

पैसे घेऊन गाणी वाजवणं आणि ते श्रोत्यांना न सांगणं इथे बेकायदा आहे, १९६० च्या आसपास त्यावर मोठं प्रकरण होऊन कायदा कडक झाला. पण पैसे रोखच असायला हवेत असं कुठे आहे? फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसारण खात्याच्या, म्हणजे एफसीसीच्या, अध्यक्षांनी देशातल्या सगळ्यात मोठ्या रेडिओ कंपनीला, आयहार्टला, जाहीर पत्र लिहून विचारलं की ऑस्टिनमधल्या तुमच्या कंट्री महोत्सवात कलाकार कमी पैशात गातात, त्याच्या बदल्यात त्यांची गाणी जास्त वाजतात का. उत्तर काहीही असो, प्रश्न विचारावासा वाटला हेच पुरेसं बोलकं आहे. वर आणखी एक गोष्ट, जी मला कितीतरी वर्षं माहीत नव्हती. अमेरिकेत एफएमवर गाणं वाजलं तर गीतकार-संगीतकाराला मानधन मिळतं, गाणाऱ्याला एक सेंटही मिळत नाही. तरीही गायक त्या कॉन्फरन्स रूममध्ये जाऊन गातात.

आता बायकांचं बघा. २०१५ मध्ये रेडिओ सल्लागार कीथ हिल यांनी एका व्यापारी पत्राला सांगितलं की श्रोते टिकवायचे असतील तर गायिका कमी वाजवा. त्यांनी सॅलडची उपमा दिली, पुरुष म्हणजे सॅलडचा पाला आणि बायका म्हणजे वर टाकलेले टोमॅटो. त्यावर गदारोळ झाला, टोमॅटोचे टी-शर्ट निघाले. पण कॅनडातल्या ओटावा विद्यापीठाच्या जाडा वॉटसन यांनी नुसता संताप न करता वर्षानुवर्षांचे आकडे मोजले. २००० साली कंट्री रेडिओच्या वार्षिक यादीत बायकांची गाणी साधारण एक तृतीयांश होती, २०१८ पर्यंत ती दहाव्या हिश्श्याच्या आसपास आली. म्हणजे काळ पुढे गेला आणि आकडा मागे. २०२० मध्ये मिशिगनच्या एका स्टेशनने तर उघड लिहून टाकलं की लागोपाठ दोन गायिका लावायची आम्हाला परवानगी नसते.

इथे आमच्या माणसाला मी संत करत नाहीये. त्याच्याही कार्यक्रमात लागोपाठ दोन गायिका मी क्वचितच ऐकल्या. गाण्यांची यादी त्याच्या हातात नव्हती हे खरं, पण त्याने त्याबद्दल कधी फार आवाजही केला नाही. २०१९ मध्ये लिल नास एक्स या काळ्या तरुणाचं 'ओल्ड टाउन रोड' बिलबोर्डने कंट्री यादीतून काढून टाकलं, त्यात कंट्रीचे गुण पुरेसे नाहीत म्हणून. तेव्हा यानेही माइकवर तेच मत दिलं होतं. ते गाणं मग सर्वसाधारण यादीत १९ आठवडे पहिलं राहिलं, तेव्हाचा विक्रम. माझ्या लॅबमधली सहकारी, इथलीच, काळी, तिने त्या आठवड्यानंतर स्टेशन लावणंच सोडलं. तिचं म्हणणं साधं होतं, बँजो आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी आणला आणि आता आम्हालाच विचारतात तुम्ही इथले का.

ती बरोबर होती असं मला वाटतं. ग्रँड ओल ऑप्री हा नॅशव्हिलचा रेडिओ कार्यक्रम १९२५ मध्ये सुरू झाला, त्याच्या पहिल्या लोकप्रिय कलावंतांत माउथ ऑर्गन वाजवणारा डीफोर्ड बेली होता. काळा माणूस. साठच्या दशकात चार्ली प्राइडच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड रेडिओला पाठवताना कंपनीने फोटो पाठवला नव्हता. आवाज आवडला, मग चेहरा कळला. त्याची पुढे २९ गाणी पहिल्या नंबरावर गेली. त्याचं शेवटचं पहिल्या नंबराचं गाणं १९८३ चं, आणि त्यानंतर दुसऱ्या काळ्या एकल गायकाला, डेरियस रकरला, तिथे पोहोचायला २००८ उजाडलं.

मग फेब्रुवारी २०२४ मध्ये बियॉन्सेचं 'टेक्सस होल्डेम' आलं. ओक्लाहोमातल्या एका लहान स्टेशनने फर्माईश करणाऱ्याला कळवलं की आम्ही कंट्री स्टेशन आहोत, बियॉन्से लावत नाही. लोक तुटून पडल्यावर त्यांनी ते गाणं मिळवून लावलं. मुख्य यादीत ती पहिली आली, तिथे पोहोचलेली पहिली काळी स्त्री. एअरप्लेच्या यादीत तेच गाणं तिशीच्या अलीकडे काही आलं नाही. हे त्या आठवड्यांत आमच्या माणसाने दोन्ही आकडे एकापाठोपाठ वाचून सांगितलं आणि म्हणाला, की या दोन्हींतलं अंतर म्हणजे माझी नोकरी. मी गाडी चालवता चालवता मोठ्याने हसले. त्याच वर्षी शबूझीचं 'अ बार साँग' मुख्य यादीत बियॉन्सेला हटवून पहिलं आलं आणि एअरप्लेमध्येही पहिलं झालं. तेव्हा सगळं दार बंदच आहे असंही नाही. पण शबूझीच्या मागे स्टेशनांना फोन करणारी माणसं होती, हे विसरायचं नाही.

तर नॅशव्हिलहून येणारा कार्यक्रम. हे एका रात्रीत झालेलं नाही. १९९६ पर्यंत एका कंपनीला देशभरात चाळीस स्टेशनांपर्यंतच मर्यादा होती. त्या वर्षीच्या दूरसंचार कायद्याने देशपातळीवरची मर्यादा काढली आणि क्लिअर चॅनेल (आजची आयहार्ट) काही वर्षांत बाराशेच्या घरात गेली. २००३ मध्ये इराक युद्धाच्या तोंडावर डिक्सी चिक्सच्या नॅटली मेन्स लंडनच्या मंचावर बुश यांच्याविरुद्ध एक वाक्य बोलल्या, तेव्हा त्यांचं गाणं कंट्री यादीत पहिलं होतं. ते दोन-तीन आठवड्यांत नाहीसं झालं. श्रोत्यांचा रागही खरा होता, नाकारत नाही. पण क्युम्युलस कंपनीने आपल्या सगळ्या कंट्री स्टेशनांवर महिनाभर ते बंद केलं, आणि त्यावर सिनेटमध्ये सुनावणी झाली. एका कार्यालयातून एक निर्णय, आणि कितीतरी गावांत एकाच दिवशी शांतता. २०१७ मध्ये एफसीसीने आणखी एक जुना नियम रद्द केला, स्टेशनचा मुख्य स्टुडिओ त्याच भागात असला पाहिजे हा. आता गावात फक्त टॉवर असला तरी चालतं.

मला कंपनीची बाजूही दिसते. आमच्या गावातलं हार्डवेअरचं दुकान आधी रोज जाहिरात द्यायचं, आता फेसबुकवर टाकतं. गाड्यांच्या शोरूमचंही तेच. पैसा नसेल तर पहाटे चारला उठणाऱ्या माणसाचा पगार कुठून येणार? पण सव्वीस, सत्तावीस सप्टेंबर २०२४ आठवा. हेलीन वादळ आमच्या डोंगरांवर कोसळलं. नोलिचकी नदीला असा पूर आला की अर्विनच्या हॉस्पिटलच्या छतावरून पन्नासहून जास्त माणसं हेलिकॉप्टरने काढली. महामार्गाचे पूल गेले. पलीकडे अ‍ॅशव्हिलमध्ये पिण्याचं पाणी नळाला यायला नोव्हेंबर उजाडला. वीज नाही, फोन नाही, इंटरनेट नाही. तिथल्या स्टेशनांनी गाणी थांबवली आणि लोकांचे फोन आणि निरोप थेट हवेत सोडले. मोठ्या कंपनीच्या मालकीची स्टेशनंही त्यात होती, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण खुर्चीत बसलेली माणसं त्याच गावची होती.

आमच्याकडे त्या दिवसांत हा माणूस जवळजवळ स्टुडिओतच राहिला. कुठला पूल आहे, कुठला गेला, इन्सुलिन थंड ठेवायला जनरेटर कुठे मिळेल. मी त्याचं ऐकून वळसा घालून कामावर गेले. जीपीएस मला वाहून गेलेल्या पुलाकडेच पाठवत होता. जुनी वाट कुठून फुटते हे त्याला ठाऊक होतं, कारण त्याचं आजोळ तिथलं.

गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५ मध्ये, बिलबोर्डच्या कंट्री डिजिटल विक्रीच्या यादीत ब्रेकिंग रस्ट नावाचा 'गायक' पहिला आला. तो माणूस नाहीच, संगणकाने बनवलेला आवाज. ही यादी फार छोटी आहे, आज डाउनलोड विकत घेतं कोण, काही हजारांत पहिला नंबर मिळतो. आमच्या माणसाने बातमी वाचली, हेही सांगितलं की यादी छोटी आहे, आणि मग ते गाणं न लावता कार्टर फॅमिलीची एक जुनी रेकॉर्ड लावली. हे कुटुंब इथून तासाभरावर, ब्रिस्टलमध्ये, १९२७ साली पहिल्यांदा रेकॉर्ड झालं होतं. यादीबाहेरचं गाणं लावल्याबद्दल त्याला वरून फोन आला म्हणे. खरंखोटं त्यालाच ठाऊक.

सध्या एफसीसीसमोर एका शहरात एका कंपनीची जास्तीत जास्त किती स्टेशनं असावीत, मोठ्या शहरात आठ ही मर्यादा ठेवावी की काढावी, याचा फेरविचार चालू आहे. सप्टेंबर २०२५ पासून. मी माझ्या काँग्रेसमनच्या ऑफिसला पत्र लिहिलंय, हेलीनच्या त्या चार दिवसांची हकीकत तारखांसकट. शार्लट, नॉक्सव्हिल, अटलांटाच्या मंडळींपैकी कुणाला लिहायचं असेल तर माझा मसुदा मागा, पाठवते. आणि कमेंटमध्ये एवढं सांगा, तुमच्या गावच्या रेडिओवर सकाळी सातला जो बोलतो तो कुठे बसून बोलतो? एक दिवस फोन करून विचारा. आमच्याकडे या महिनाअखेरपर्यंत फोन उचलला जाईल.