हे सत्त्याहत्तर नाही

माळ्यावरून डबा खाली काढला तेव्हा त्याच्या झाकणावरच्या सेलोटेपचा हातात भुगा झाला. बेचाळीस वर्षांत तिचा चिकटपणा पुठ्ठ्यात मुरून गेला होता. वर नुसता तपकिरी पापुद्रा उरला होता. हा डबा मी १९८३ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत बंद केला होता. तेव्हा मी नववीत होतो.

तो उघडायला निमित्त झालं चंडीगडचं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी तिथं मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला गेला. मी आणि माझे वडील, अण्णा, टीव्हीसमोर बसलो होतो. अण्णा बघत होते असं म्हणता येणार नाही, कारण काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ संपवली आहे. ते ऐकत होते. निवेदक ‘बासष्ट वर्षांची सेवा’ वगैरे सांगत होता, त्यात मध्येच अण्णांनी विचारलं, “तुझं ते विमान कुठंय रे?”

अण्णा ओझरच्या कारखान्यात फिटर होते. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा हा नाशिकजवळचा कारखाना १९६४ मध्ये मिगसाठीच उभा राहिला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक सामग्री हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. १९६६ पासून इथं मिग-२१ एफएल तयार होऊ लागलं. बाहेरच्या जगासाठी ते मिग, पण आतल्या माणसांसाठी ‘टाइप ७७’. आमच्या घरात विमान हा शब्द क्वचितच उच्चारला जाई. “आज सत्त्याहत्तरनं उशीर केला,” असं म्हणत अण्णा सायकल भिंतीला टेकवायचे. पुढं कारखान्यात मिग-२१ची नवी रूपं आली, तरी अण्णांच्या तोंडी सत्त्याहत्तरच राहिलं.

मस्कतला असलेल्या मामानं त्या दिवाळीत प्लास्टिकच्या विमानाचा संच आणला. डब्याच्या बाजूवर भारतीय हवाई दलाचं चक्र होतं आणि खाली मिग-२१ एफएल असं छापलेलं. मी हरखून गेलो. अण्णांचं विमान डब्यात घालून देणारी माणसं जगात कुठंतरी होती! प्रमाण बहात्तरास एक. म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट इथं एका इंचात. इंग्लंडात १९३०च्या दशकात रुळलेलं हे माप पुढं महायुद्धात आपलं विमान कुठलं आणि शत्रूचं कुठलं हे ओळखायला शिकवणाऱ्या मॉडेलांसाठीही वापरलं गेलं. मुळात हा खेळ ओळखण्याचाच आहे, हे मला फार उशिरा कळलं.

तीन दिवसांत मी विमान उभं केलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी अण्णांनी हात धुतले, खिडकीशी बसले आणि बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढला. पंखांची टोकं मोजली. मग नाक. मग शेपूट. कौतुकाचा शब्द ऐकायला मी शेजारी उभा होतो.

“पंख मापात आहेत. नाक अडीच मिलिमीटरनं लहान आहे. शेपूट अरुंद. पिटो खाली आहे, वर पाहिजे.” व्हर्नियर पुसून त्यांनी म्यानात ठेवला. “हे सत्त्याहत्तर नाही.” आणि ते जेवायला उठले.

पिटो म्हणजे विमानाच्या नाकातून पुढं आलेली लांब नळी. समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून ती वेग सांगते. अण्णा जेवत होते तेवढ्यात मी ती खालून उपटली आणि वरच्या बाजूला चिकटवायला गेलो. नळीचे तीन तुकडे झाले. डिंक ओघळून नाकाची कड विरघळली. विमान डब्यात गेलं, डब्याला टेप लागली.

परवा ते बाहेर आलं तेव्हा मी छप्पन्न वर्षांचा होतो आणि हाताशी वेळ होता, साधनं होती. ठरवलं, याचं सत्त्याहत्तर करायचंच. एफएलचा आराखडा मिळवला, बहात्तराव्या हिश्शाला छापून घेतला आणि एकेक दोष लिहून काढायला बसलो. नाकाचं तोंड अडीच मिलिमीटर लहान, म्हणजे खऱ्या विमानात अठरा सेंटिमीटर. अण्णांचं माप तंतोतंत होतं. शेपटाची रुंदी कमी. शेपटाच्या मुळाशी ब्रेकच्या पॅराशूटची नळकांडी असते, ती इथं नाहीच. चाकं लहान. पाठीचा कणा बारीक. पिटोची खाच खालच्या ओठावर.

आठवडाभर मी प्लास्टिकच्या पट्ट्या गोल वळवून नवं तोंड घडवत होतो. पुट्टी भरायची, वाळू द्यायची, पॉलिश पेपर ओला करून घासायचं, पुन्हा भरायची. नाक मोठं केलं की त्यातला शंकू लहान दिसे. शंकू मोठा केला की मागचं अंग हडकुळं दिसे. एक चूक दुरुस्त केली की दुसरी वर येई. मग एका रात्री दोषांची यादी पुन्हा वाचताना एक गोष्ट खटकली. या चुका एकमेकींशी जुळत होत्या. निष्काळजी माणसाची चूक इकडं दोन मिलिमीटर जास्त, तिकडं एक कमी अशी सैरावैरा जाते. इथं सगळ्या चुका एकाच दिशेनं जात होत्या, एका घरच्या असल्यासारख्या.

मग जुनी छायाचित्रं शोधली. १९६३ मध्ये भारतात आलेली पहिली सहा मिग-२१ एफएल नव्हतीच. ती त्याआधीची, एफ-१३ जातीची होती आणि चंडीगडच्या २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाली होती. आपल्याकडं त्यांचं नाव टाइप ७४. त्यांच्या नाकात छोटंसं रडार होतं, म्हणून तोंड लहान. पुढच्या आवृत्तीत मोठं रडार शंकूत बसवायचं ठरलं, तेव्हा तोंड रुंदावलं, पिटो खालून वर गेला, वजन वाढलं म्हणून चाकं थोराड झाली. माझ्या हातातल्या प्लास्टिकवर एफ-१३चा आराखडा ठेवला. केसाचाही फरक नव्हता.

साचा बरोबर होता. चुकीचा होता तो डब्यावरचा मजकूर. आणि मी बेचाळीस वर्षं त्या मजकुराची शिक्षा विमानाला देत होतो.

मी शाळेत मराठी शिकवतो. माझ्या लाल पेनाला ही गोष्ट झोंबली. कितीतरी उत्तरपत्रिकांत मुलानं मनापासून, नेटकं काही लिहिलेलं असतं, फक्त ते विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नसतं. मी शून्य देतो आणि पान उलटतो. नियमानं ते बरोबरच आहे. पण ‘हे उत्तर नाही’ याच्यापुढं ‘मग हे काय आहे’ असा एक प्रश्न असतो. तो विचारायला गुण लागत नाहीत, वेळ लागतो. माझ्याही बाबतीत घरात एक डबा होताच. त्यावर ‘आयटीआय, मग कारखाना’ असं छापलेलं. आत मात्र कवितांच्या वह्या निघाल्या. अण्णांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मीच स्वतःला व्हर्नियर लावत राहिलो.

तेव्हा पुट्टीचं नवं नाक मी कापून टाकलं. आठवड्याची मेहनत चहाच्या बशीत पडली. त्याचं वाईट वाटलं नाही असं नाही. मग खऱ्या दोषांची यादी केली. ती फार लहान होती आणि त्यातला प्रत्येक दोष माझा होता.

पहिला दोष पंखांचा. चौदा वर्षांच्या मुलानं विमानं चित्रांत पाहिलेली. पंख थोडे वर उचललेले असतात अशी त्याची समजूत. मिगचे पंख खांद्यापासून टोकाकडे दोन अंशांनी खाली उतरतात. मी ते वर चिकटवले होते. व्हर्नियरला टोकांमधलं अंतर कळतं, कल कळत नाही. पातळ पात्यानं सांधा चिरला आणि जाड पुठ्ठ्याचा साचा खाली धरून पंख दोन अंश खाली बसवले. टोकाशी हा फरक सव्वा-दीड मिलिमीटरचा, पण तेवढ्यानं विमानाची बसण्याची ढब बदलली. आतापर्यंत खेळणं होतं, आता दबा धरल्यासारखं दिसू लागलं.

दुसरा दोष वजनाचा. या विमानाचा भार मागं आहे. मॉडेलच्या नाकात वजन घातलं नाही तर ते शेपटावर बसतं. मी घातलं नव्हतं. मासे पकडायच्या गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या शंकूमागं कोंबल्या.

तिसरा दोष डाव्या पंखाखालचा. डिंकानं मऊ झालेल्या प्लास्टिकवर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. तो आठवण म्हणून ठेवावा, असं ललित लिहिणारा कुणीही म्हणेल. मी घासून काढला. पंखावर अंगठा नसतो.

पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या रेघा साच्यातच उंचवट्यासारख्या होत्या. हल्ली त्या घासून, जाड चिकटपट्टीच्या कडेनं सुई ओढून खोल कोरतात. एक रेघ कोरून अण्णांना विचारलं, पाव मिलिमीटरला थोडी कमी आहे, चालेल? त्यांनी मनात गुणाकार केला. “म्हणजे चौदा-पंधरा मिलिमीटरची फट. ओझरला असा पत्रा बसवला असता तर फोरमननं मलाच त्या फटीत घातला असता.” दुरुस्तीच्या हौसेत माणूस नवं खोटं कोरू लागतो. उरलेल्या रेघा मी नुसत्या हलक्या केल्या.

याच दिवसांत टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांत मिगचं दुसरं नाव पुन्हा पुन्हा येत होतं, उडती शवपेटी. ते ऐकलं की अण्णा आवाज कमी करायला सांगत. आकडे खोटे नाहीत. २०१२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं होतं, की तोवरच्या मिग विमानांच्या अपघातांत १७१ वैमानिक गेले. ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं धावपट्टीवर उतरणारं विमान नवशिक्याला माफ करत नाही. आणि नवशिक्याला त्या वेगाची सवय लावणारं हॉक हे प्रगत प्रशिक्षण विमान हवाई दलात आलं ते २००८ मध्ये. हीच विमानं १९७१च्या युद्धात, १४ डिसेंबरला, ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं डागून आली, तेव्हा त्यांचं नाव वेगळं होतं. दोन्ही नावं विमानावर बाहेरून चिकटवलेली. अण्णांना यातलं एकही नको असतं. माझ्या लहानपणी कुठं अपघाताची बातमी आली, की ताटावर बसलेले अण्णा फक्त विचारायचे, “नंबर कुठला?” नंबर कळेपर्यंत घास घेत नसत. त्या प्रश्नात अभिमान नव्हता आणि सबबही नव्हती.

राहिला पिटो. तुकडे जोडण्यात अर्थ नव्हता. अण्णांना रोज इन्सुलिन घ्यावं लागतं, त्यामुळं घरात सुयांना तोटा नाही. दंडात टोचायची तेवीस नंबरची सुई बुडाला घेतली आणि तिच्या पोकळीत इन्सुलिनची केसासारखी सुई सरकवली. जाड नळीतून बारीक नळी निघावी तशी ती बसली. खालच्या ओठावरची डिंकानं विरघळलेली खाच भरून पुन्हा कोरली आणि सुई तिथंच, खालीच, बसवली. बेचाळीस वर्षांपूर्वी होती तिथं.

चक्रांचे छाप पिवळे पडले होते. त्यांचा कागद आठवडाभर खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ठेवला. ऊन पिवळेपणा हळूहळू पिऊन टाकतं. मग चंदेरी रंग. रंगांत चंदेरी सर्वांत चहाडखोर. हिरवा-तपकिरी रंग ओरखडे पोटात घालतो, चंदेरी प्रत्येक ओरखडा उजेडात आणतो. तीनदा रंगवलं, दोनदा उतरवलं. शेवटी हिरवा ठिपका, पांढरं आणि केशरी वलय पंखांवर बसलं.

विमान अण्णांच्या हातात दिलं. ते खुर्चीत जरा पुढं सरकले. अंगठा नाकाच्या कडेवरून गोल फिरला, खाली आला, सुईपाशी थांबला. मग पाठीवरून मागं जाऊन शेपटाची रुंदी त्यांनी चिमटीत धरली. तळहातावर विमान तोलून पंख कुठं कलतात ते पाहिलं.

“चौऱ्याहत्तर,” ते म्हणाले.

“तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?”

“मग? हाताला कळतं ना.”

“तेव्हा सांगितलं का नाही, अण्णा?”

“तू विचारलंस कुठं? मी म्हटलं सत्त्याहत्तर नाही. मग काय आहे, हे विचारशील म्हणून वाट बघितली. जेवून उठलो तर तुझा डबा बंद.”

मी काही बोललो नाही. अण्णांचा अंगठा पुन्हा सुईच्या टोकाशी गेला होता.

“एक राहिलंय,” ते म्हणाले. “विमान जमिनीवर उभं असताना पिटो उघडा ठेवत नाहीत. धूळ जाते, किडा जातो. टोपण असतं त्याला, लाल पट्टीचं.”

मी कागद-पेन्सिल ओढली.

“केवढं असतं?”

अण्णांनी दोन्ही हात वर केले, हवेत एक अंतर धरलं आणि मी टेप आणेपर्यंत ते तसंच धरून ठेवलं.