स्प्लेंडरचं हेड आणि हवेची वाट

खामगाव,
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय मित्रा,

तुझा व्हॉइस मेसेज मिळाला. पाठीमागे दूध काढायच्या मशीनचा आवाज एवढा होता की अर्धं बोलणं त्यातच गेलं, पण प्रश्न कळला. घरी बसून स्प्लेंडरचं हेड पोर्ट करण्यात, म्हणजे हेडमधली हवेची वाट (पोर्ट) घासून सुधारण्यात, काय अर्थ आहे, आणि केलंच तर फरक पडतो का? पडतो रे बाप्पा. पण लोकांना वाटतं तिथे पडत नाही, आणि वाटतं त्या कारणानंही पडत नाही. फोनवर सांगायला गेलो तर तू मध्येच गाईंकडे पळशील, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी घरचं. परवा काकूंकडे जाऊन आलो. तब्येत चांगली आहे, तुझ्या मुलीचे फोटो दहा वेळा दाखवले. कापसाची पहिली वेचणी उरकली, हरभरा पेरून झालाय, आणि लाइट असेल तेव्हा पाणी देणं सुरू आहे. ही लाइटीची गोष्ट पुढे हेडच्या कामातही येणार आहे.

गाडी तीच, बाबांची. हिरो होंडाच्या काळातली, कार्ब्युरेटरवाली. १९८५ ला सीडी १०० आली, १९९४ ला स्प्लेंडर, आणि दोघींचं इंजिन एकाच घराण्यातलं: बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५, म्हणजे ९७.२ सीसी. आपल्या जिल्ह्यात दुधाच्या कॅन, खताच्या गोण्या, कॉलेजची पोरं, लग्नाच्या पत्रिका, सगळं या इंजिनानं वाहिलं. सिलिंडर जवळजवळ आडवं, हेडचं तोंड पुढच्या चाकाकडे. वरून हवा आत येते, खालून धूर बाहेर जातो. गेल्या उन्हाळ्यापासून सकाळच्या पहिल्या किकला निळा धूर दिसायला लागला होता. व्हॉल्व्हचे सील गेले होते आणि कॉम्प्रेशनही उतरलं होतं. हेड काढायचं होतंच, मग म्हटलं आतली वाटही नीट पाहून घेऊ.

या वाटेला एवढं महत्त्व का, त्याचा हिशेब मांडून बघ. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेतंय असं धर. फोर स्ट्रोकमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा हवा ओढली जाते, म्हणजे सेकंदाला ५० वेळा. प्रत्येक वेळी ९७ सीसी धरले तर सेकंदाला जवळपास पाच लिटर हवा. आणि पिस्टन एकदा वरून खाली यायला मिळतात पाच हजारांश सेकंद. व्हॉल्व्ह थोडा आधी उघडतो, थोडा उशिरा मिटतो, तरी वेळ तेवढाच तोकडा. एवढ्या घाईत हवेला कार्ब्युरेटरमधून निघून बेंड पाइपातून हेडमध्ये शिरायचं, तिथे वळायचं, व्हॉल्व्हच्या दांड्याला आणि गाइडला वळसा घालायचा आणि व्हॉल्व्हच्या कडेच्या फटीतून सगळीकडे पसरत सिलिंडरमध्ये उतरायचं. पेट्रोल वाढवणं सोपं आहे, जेट बदलला की झालं. हवा आत नेणं हेच खरं काम.

हेड उघडून रॉकेलमध्ये भिजवलं, लाकडी पट्टीनं काजळी खरवडली आणि टॉर्च लावून आत पाहिलं. बाहेरून इतकं देखणं ओतकाम, पण आत तीन ठिकाणी खोट होती. बेंड पाइपाचं भोक आणि हेडचं भोक एकमेकांसमोर नीट येत नव्हतं, एका अंगाला पायरी होती. व्हॉल्व्हची सीट म्हणजे ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये दाबून बसवलेलं वेगळं कडं. त्या कड्याखाली धातूचा तीक्ष्ण कंगोरा राहिलेला. आणि गाइडच्या बुडाशी ओतकामाचा जाडसर उंचवटा. कारखान्यात लाखांनी हेडं निघतात, प्रत्येकात कोण बोट घालून बसणार? पण घरी एकाच हेडपाशी बसायला वेळ असतो, आणि घरच्या कामाचं खरं भांडवल तेच आहे.

हत्यार कुठून आणलं ते ऐकून तुला आनंद होईल. आपल्या खामगावची चांदी सगळ्या देशात जाते, पण आपण आयटीआयत असताना चांदीच्या कारखान्यात कधी डोकावलो नाही. तिथे कारागिराच्या डोक्यावर छोटी मोटर टांगलेली असते, तिला लवचिक शाफ्ट, टोकाला पेनासारखं हातात धरायचं मुठीचं हत्यार, आणि वेग कमी-जास्त करायला पायाखाली पेडल. पोर्टिंगला याहून चांगलं काही नाही. मोठ्या ग्राइंडरला हात आवरत नाही. हे हत्यार हातातल्या हातात फिरतं. ओळखीच्या एका कारागिरानं संध्याकाळी काम संपल्यावर त्याची जागाच मला वापरायला दिली. चांदीचा कण न कण गोळा करणारा माणूस तो. त्यानं पहिली अट घातली की ॲल्युमिनियमचा भुसा माझ्या चांदीत मिसळू द्यायचा नाही. कोपऱ्यात वेगळी चादर अंथरून बसलो. दुसरी गोष्ट त्यानं शिकवली ती बोटाची. दोन-चार वेळा हत्यार फिरवलं की थांबायचं, डोळे मिटायचे आणि करंगळीचं टोक आतून फिरवायचं. डोळ्याला सपाट दिसतं तिथे बोटाला उंचवटा लागतो. खरंच लागतो!

पण बोटाला हवा कळत नाही. त्यासाठी ताईकडचा व्हॅक्यूम क्लीनर आणला. प्लायवूडची एक बंद पेटी केली, वर बोअरच्या मापाचं पाइपाचं नळकांडं, त्यावर हेड. क्लीनर पेटीतून हवा ओढतो आणि ती हवा पोर्टमधूनच यावी लागते. पेटीला गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून जोडली, तिच्यात निळी शाई टाकलेलं पाणी. पोर्ट हवेला जितका अडवेल तितका दोन बाजूंच्या पाण्यात फरक जास्त. वाट मोकळी झाली की फरक कमी. व्हॉल्व्हच्या दांड्याच्या टोकावर स्क्रू लावून तो एकेक मिलिमीटर उघडायचा आणि दर वेळी आकडा वहीत लिहायचा. इथेच लाइट नडली. संध्याकाळी पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, क्लीनर मंद होतो आणि पाण्याचा फरक आपोआप कमी दिसतो. हेड सुधारलं असं वाटायला लागतं, पण सुधारलेलं काही नसतं. म्हणून मीटर लावून ठेवला आणि एका ठरावीक व्होल्टेजवरच वाचन घेतलं. पुष्कळदा त्यासाठी रात्री उशिरापर्यंत थांबावं लागलं.

आता जे तुला मुख्य सांगायचंय ते. पोर्ट मोठा करणं म्हणजे पोर्टिंग असा आपल्याकडे समज आहे. बाजारात काही जण अंगठा जाईल एवढं भोक करून देतात आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. मग गाडी वरच्या फेऱ्यांना किंचाळते आणि चढावर बसते. शेतातला पाट रुंद केला की पाणी पसरतं आणि रेंगाळतं, तसंच हवेचं. शंभर सीसीच्या इंजिनाला हवेचा वेग हवा, कारण त्या वेगामुळेच पिस्टन खालून परत वर निघाला तरी हवा काही क्षण आत घुसत राहते. पोर्ट रुंद केला तर तो वेग गेला, आणि एकदा काढलेला धातू परत लावता येत नाही. म्हणून व्यास मी जवळजवळ वाढवलाच नाही. पायरी जुळवली, सीटखालचा कंगोरा खालच्या भिंतीत मिसळवला, गाइडचा उंचवटा दोन्ही बाजूंनी निमुळता केला. एवढ्यावर नळीतलं पाणी स्पष्ट हललं.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे पोर्टच्या वळणाची आतली बाजू, सीटच्या अगदी अलीकडची. वेगानं येणारी हवा तिथे भिंत सोडते आणि पलीकडच्या बाजूला लोटली जाते, त्यामुळे व्हॉल्व्हची अर्धीच कड कामाला येते. हात तिथेच आधी जातो, कारण ती समोर दिसते, आणि तिथलं जास्त घासलं की वळण आणखी काटकोनी होतं. कापण्याआधी मी पोरांच्या खेळण्यातली चिकणमाती आत लावून वेगवेगळे आकार करून पाहिले. एका ठिकाणी माती भरून वाट बारीक केली, तरी हवा जास्त गेली! त्या रात्री मला झोप लागली नाही. बारीक वाटेतून जास्त हवा कशी जाते हे पुस्तकात वाचणं वेगळं, आणि निळ्या पाण्यात आपल्या डोळ्यांनी पाहणं वेगळं. त्या जागी मग फक्त धार मोडली, बाकी धातू तसाच ठेवला.

कापताना सीटमध्ये जुना व्हॉल्व्ह बसवून ठेवायचा, हत्यार निसटलं तर ओरखडा त्याच्यावर जातो. हत्याराच्या टोकाला लावायच्या कार्बाइड बरच्या दातांत ॲल्युमिनियम चिकटतं, म्हणून मध्येमध्ये बर मेणात बुडवायचा. चष्मा आणि तोंडाला फडकं हवंच, तो भुसा डोळ्यात किंवा छातीत गेला तर फार वाईट.

पॉलिशचं विचारलंस. इनलेट आरशासारखा चमकवायचा नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचे बारीक थेंब हवेबरोबर येतात, त्यातले काही भिंतीवर बसतात. जरा खरखरीत भिंत त्यांना पुन्हा हवेत सोडायला मदत करते. तिथे मी ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरवर थांबलो. एक्झॉस्टला थेंबांचा प्रश्न नाही, तिथे गुळगुळीत भिंतीवर काजळी कमी धरते, म्हणून तो चारशेपर्यंत नेऊन बफ मारला. खरं सांगायचं तर चकाकीनं फार ताकद येत नाही, आकारानं येते. कम्बश्चन चेंबरमध्ये फक्त तीक्ष्ण कडा मोडल्या, कारण त्या तापून लाल होतात आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतात. तिथे जास्त घासलं की जागा वाढते आणि कॉम्प्रेशन उतरतं. मेडिकलमधून सिरिंज आणून, वर ॲक्रिलिकची पट्टी ठेवून, आधी आणि नंतर किती सीसी रॉकेल मावतं ते मोजलं.

तू जिथे आहेस तिथे या विषयातला मोठा माणूस होऊन गेला, आणि तू अजून त्याची गाडी पाहिली नाहीस याचं मला वाईट वाटतं. न्यूझीलंडमधल्या इन्व्हरकार्गिलचा बर्ट मन्रो. १८९९ चा जन्म. १९२० ची इंडियन स्काउट, मुळात ६०० सीसी, ताशी नव्वद किलोमीटरच्या आतबाहेर पळणारी. ती गाडी त्यानं आयुष्यभर शेडमध्ये बसून घडवली. पिस्टन जुन्या डब्यांत ओतले, कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या ॲक्सलमधून घासून काढले, मायक्रोमीटर नव्हता तर जुन्या आऱ्याशी मापं लावली. मोडलेले भाग फळीवर मांडून ठेवले आणि ते वेगाच्या देवाला वाहिले असं फळीवर लिहिलं. १९६७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यानं त्या गाडीवर ताशी १८४ मैल, म्हणजे २९६ किलोमीटरचा विक्रम केला. तुझ्या गावातल्या ई. हेज नावाच्या हार्डवेअरच्या दुकानात गाडी ठेवलेली आहे. एका रविवारी मुलीला घेऊन जा आणि हेडचे फोटो जवळून काढ. त्याच्याकडे प्रयोगशाळा नव्हती; होती ती चिकाटी, आणि केलेलं काम पुन्हा तपासून पाहण्याची सवय. अशा माणसांची नावं आपल्या पोरांना शाळेत सांगायला हवीत असं मला फार वाटतं.

पुढचं काम नेहमीचंच, पण जीव तिथेच अडकतो. नवीन गाइड लेथवाल्याकडून दाबून घेतले. सीट पंचेचाळीस अंशांत, तिच्या वर तीसचा आणि खाली साठचा काप, म्हणजे हवेला एकदम काटकोनात वळावं लागत नाही. मग ग्राइंडिंग पेस्ट लावून व्हॉल्व्ह तळहातांत काठी फिरवावी तसा फिरवत बसलो, सीटवर सगळीकडे सारखी करडी रेघ उमटेपर्यंत. पोर्टमध्ये पेट्रोल ओतून चेंबरच्या बाजूनं पाहिलं, थेंब झिरपला नाही. शेवटी हेड गरम पाण्यानं आणि साबणानं चांगलं धुतलं. पेस्टचा एक कण आत राहिला तर रिंगा आणि सिलिंडर खाऊन टाकतो.

आता बोथा घाटाचं सांगतो. बुलढाण्याला दोघं बसून जाताना ज्या चढावर दुसरा गिअर टाकावा लागायचा, तिथे ती आता तिसऱ्यात निघते. वरचा वेग विचारशील तर मला फरक जाणवला नाही, आणि मला तो नकोच होता. मधल्या फेऱ्यांतली ओढ सुधारली, ॲक्सिलरेटर हलकेच दिला तरी गाडी लगेच उचलते. यातला काही वाटा नव्या सीलचा आणि नीट बसलेल्या व्हॉल्व्हचाही आहे, तो पोर्टिंगच्या नावावर मांडणार नाही. प्लगचा रंग पाहून जेट तपासला, फिकट विटकरी आला, म्हणजे मिश्रण बरोबर. पीयूसीही काढून घेतलं. घाटात आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडी दाट झालीय. २०१९ साली टिपेश्वर अभयारण्यातला कॉलर लावलेला वाघ लांबून चालत, हा घाट ज्यातून जातो त्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला होता, तेव्हापासून तिथून जाताना मी उगाच झाडीत बघतो.

तुझा भाचा त्याच्या नव्या गाडीचं हेड घेऊन बसायच्या तयारीत आहे. त्याला तू सांग, माझं ऐकत नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत पेट्रोल इंजेक्शननं येतं, मिश्रण कॉम्प्युटर ठरवतो आणि धुरासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तिथे हात घातला तर एक जागा सुधारून तीन बिघडतील, आणि वॉरंटी जाईल ती वेगळी. शिकायचं असेल तर भंगारातून जुनं हेड आणावं आणि ते करवतीनं उभं कापून पाहावं. आतली भिंत कुठे किती जाड आहे हे तसं पाहिल्याशिवाय हातात बर धरूच नये.

माझ्याकडे आता शेजारच्या काकांची जुनी बुलेट आली आहे. सत्तर मिलिमीटर बोअर, नव्वद स्ट्रोक, ३४६ सीसी, लोखंडी सिलिंडर. पोर्ट आतून इतका खरखरीत आहे की बोटाला वाळू लागते. तिच्यासाठी लांब दांडीचे कार्बाइड बर हवेत, ॲल्युमिनियमच्या हेडसाठीचे, मोठ्या दातांचे. इथे मिळतात ते आखूड आहेत, वळणापर्यंत पोचत नाहीत. तुमच्याकडे शेतीच्या मशीनरीच्या दुकानात मिळाले तर गोल टोकाचा एक आणि निमुळता एक असे घेऊन ठेव. हाताचा जुना सीट कटर कुणी विकत असेल तर त्याच्या पायलटचा व्यास मोजून कळव. गाइडच्या भोकात तो न हलता बसला पाहिजे. गाइडचं माप मी बुधवारी लेथवर जाऊन घेतो आणि पाठवतो.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
खामगावचा मित्र